कलमदानावरची भेग

भिवंडीत एका गोठ्याला लागून असलेल्या भंगाराच्या दुकानात, यंत्रमागाच्या मोडक्या सुट्या भागांखाली मला एक कलमदान मिळाले. लाकडी ठोकळ्याभोवती पितळी काडतुसांचे कुंपण! क्षणभर दचकलो. पण प्रत्येकाच्या कुशीला भोक होते. कवायतीच्या खोट्या काडतुसांना असे भोक पाडतात, म्हणजे आत दारू नाही हे चटकन दिसते. (भंगारात काडतूस आढळले तर तुम्ही मात्र ही परीक्षा करत बसू नका. हात न लावता पोलिसांना कळवा.)

घरी पुसताना दोन काडतुसांच्या मानेवर केसासारखी उभी भेग दिसली. ठोकर लागल्याची खूण नव्हती. मग पितळ तडकले कसे?

हे कोडे जुने आहे. इंग्रजी अमलात पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसे अशीच तडकत. उलगडा 1921 साली झाला. काडतुसाचे पितळ म्हणजे 70 टक्के तांबे, 30 टक्के जस्त. थंड पत्रा साच्यात दाबून, ओढून नळी करतात, तेव्हा धातूत ताण कोंडून राहतो. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत नेमका अशाच पितळावर हल्ला करतो. ताण आणि अमोनिया एकत्र आले की भेग पडते.

उपाय सोपा निघाला. बेताने तापवले की ताण सुटतो. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते, ती याच तापवण्याची.

माझ्या दोन्ही काडतुसांवर ती छटा शोधूनही सापडली नाही. आणि दुकानाशेजारचा तो म्हशींचा गोठा आठवला.