पाळणा लांबवताना

‘जालना सोने का पालना’ ही म्हण या शहराच्या जुन्या व्यापारी वैभवाची साक्ष म्हणून आजही सांगितली जात असली, तरी औद्योगिक वसाहतीत, लोखंडी सळयांच्या कारखान्यांच्या आसऱ्याने भाड्याच्या खोलीत संसार थाटणाऱ्या दांपत्याच्या घरचा पाळणा सोन्याचा नसून महिन्याच्या पगाराच्या हिशेबातला असतो. आणि ‘पाळणा लांबवणे’ या आपल्या भाषेतील सोज्ज्वळ शब्दप्रयोगामागची निकड तेथेच नीट उमगते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि या कार्यापायी प्राध्यापकी गमावलेल्या त्या गृहस्थाने १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना कोर्टाच्या पायऱ्याही झिजवल्या, त्या काळी साधने वापरावीत की नाही, हाच वाद होता. आज ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. वाद उरला आहे तो निवडीचा.

आणि निवडीचा पहिला प्रश्न माझ्या मते ‘उत्तम साधन कोणते’ हा नसून ‘आपला दिवस कसा जातो’ हा आहे. ‘माला-एन’ची गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते, आणि जिची कामाची पाळी आठवड्यागणिक बदलते त्या कामकरी स्त्रीला ती वेळ पाळणे किती अवघड! प्रत्यक्ष व्यवहारात वर्षाकाठी शंभरांपैकी सुमारे सात जणींना गोळ्या चालू असतानाही दिवस राहतात, यातला मोठा वाटा विसराळूपणाचा आहे. शिवाय अंगावर पाजणाऱ्या, रक्तदाब असलेल्या, किंवा पस्तिशीपुढच्या तंबाखू ओढणाऱ्या स्त्रीने डॉक्टरांना विचारल्याखेरीज ती घेऊ नये. ‘छाया’ची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच घ्यायची असून ती अंगावर पाजतानाही चालते. ‘अंतरा’चे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी; त्याने पाळी अनियमित होते, आणि ते थांबवल्यावर गर्भ राहण्यास काही महिने अधिक लागतात, ही गोष्ट आधी सांगितली तर घाबरगुंडी उडत नाही.

विसरण्याची भीती ज्यांना आहे त्यांच्यासाठी तांबी. एकदा बसवली की प्रकारानुसार पाच वा दहा वर्षे काम करते, शंभरांत एकीलाही क्वचितच दगा देते, आणि काढताच गर्भधारणा पूर्ववत शक्य होते. मात्र प्रारंभी रक्तस्राव वाढतो, म्हणून पंडुरोग असलेल्या स्त्रीची आधी तपासणी व्हावी. निरोधात चूक होण्याचा संभव अधिक, तरी गुप्तरोगांपासून संरक्षण देणारे तेवढेच एक साधन. चूक घडलीच तर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, घ्यावयाची गोळी मिळते; ती नित्याची तजवीज नव्हे.

मुले पुरेशी झाल्यावर मात्र शस्त्रक्रियेला बायकोच का पाठवली जाते, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. भट्टीपुढे तापलेले लोखंड हाताळणारा पुरुष ‘ताकद जाते’ म्हणून पुरुष नसबंदीला बिचकतो. वास्तविक तिने ना बळ घटते ना कामेच्छा, आणि बिनटाक्याची ती क्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेहून पुष्कळ सोपी आहे. फक्त तिचा परिणाम तत्काळ होत नाही: तीन महिने निरोध वापरावा, मग वीर्याची तपासणी करून घ्यावी, आणि त्या दाखल्यात शुक्रजंतू नाहीत असे लिहून येईपर्यंत खबरदारी सोडू नये.