चिकित्सालयीन संशोधन : कवळी, कासदाह आणि औषधाचे श्रेय

नांदेड व लातूर जिल्ह्यांत वैद्यकव्यवसाय करणाऱ्या आपणांकडे दोन प्रकारची विचारणा नेहमी होते. कवळी वापरणारे वृद्ध तोंडाच्या दाहावर औषध मागतात आणि लाल कंधारी वा देवणी गाय सांभाळणारा शेतकरी कासेसाठी लेप विचारतो. विषय भिन्न असले, तरी औषधाचा गुण सिद्ध कसा करावा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक वृद्ध गृहस्थ आले. वरच्या कवळीखाली टाळूवर लाली पसरली होती. आम्ही त्रिफळाक्वाथाचा गण्डूष दिला व रात्री कवळी स्वच्छ करून पाण्यात ठेवण्यास सांगितले. पंधरा दिवसांत लाली ओसरली. अशाच आणखी काही रुग्णांच्या नोंदी जमवून आम्ही लेख लिहावयास घेतला. तेव्हा ध्यानी आले की, प्रत्येकास आम्ही दोन उपाय एकदम दिले होते.

कवळी अहोरात्र घालणे, तिची अस्वच्छता आणि अ‍ॅक्रिलिकवर वाढणारी कँडिडा बुरशी ही या दाहाची प्रमुख कारणे होत. केवळ रात्री कवळी काढल्याने व ती घासल्यानेही अनेकांचा दाह शमतो. मग श्रेय त्रिफळ्याचे की विश्रांतीचे? हे ठरविण्यास दोन गट हवेत. स्वच्छतेचा सल्ला दोहोंस समान; क्वाथ एकास, साधे पाणी दुसऱ्यास. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठीने ठरावे. क्वाथ चवीने ओळखू येतो, म्हणून निदान टाळू तपासणाऱ्यास तरी गट ठाऊक नसावा. न्यूटन यांनी १९६२ मध्ये सांगितलेल्या तीन प्रकारांनुसार आधी व नंतर नोंद करता येते.

गाईच्या सुप्त कासदाहातही हीच अडचण येते. दूध दिसावयास चांगले असते. दोष कळतो तो १९५७ पासून प्रचलित कॅलिफोर्निया चाचणीने. चार सडांचे दूध चार वाट्यांत घेऊन द्रावण मिसळले असता दोषी दूध घट्टसर होते. परंतु काही सड आपोआपही बरे होतात. शिवाय लेप सुरू होताच मालक कास धुऊ लागतो, दूध पूर्ण काढू लागतो. जनावरास औषधावर श्रद्धा नसते हे खरे. पण पाहणाऱ्या मालकास व वैद्यास ती असतेच. म्हणून तुलनेचा गट येथेही अनिवार्य आहे.

शालिहोत्र व पालकाप्य यांची परंपरा आपली असली, तरी भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ नुसार पशुचिकित्सा हा नोंदणीकृत पशुवैद्यकांचा अधिकार आहे. उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालय, तर नांदेड व लातूर येथे दंत महाविद्यालये आहेत. त्यांच्या सहकार्यानेच असे काम व्हावे. मानवी चाचणीस नीतिसमितीची मान्यता व रुग्णाची लेखी संमती हवी; तसेच पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत नोंद करावी.

औषधविक्रेत्यांनीही काही पथ्ये पाळावीत. भरड दंतमंजनाने कवळीवर ओरखडे पडतात व त्यांत बुरशी आश्रय घेते; उकळत्या पाण्याने कवळी वाकते. हे गिऱ्हाइकास सांगावे. तंबाखू वा मिश्री वापरणाऱ्याच्या तोंडातील व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर दुसरी बाटली न देता त्यास दंतवैद्याकडे धाडावे. कास गरम, सुजलेली असून गाय चारा सोडत असेल, तर लेपात वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलाविण्यास सांगावे.

आमचा तो लेख आम्ही प्रसिद्धीस दिला नाही. औषधावरील आमचा विश्वास ढळलेला नाही. मात्र रुग्णपत्रकात आता औषध आणि पथ्य यांचे रकाने वेगळे असतात, आणि कवळी रात्री काढली होती काय, हा प्रश्न आम्ही प्रत्येक भेटीत विचारतो. वैद्यबंधूंनी आपापल्या चिकित्सालयात एवढा आरंभ तरी करावा, ही विनंती.