धुराडे घरचे, धूर गावाचा

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटाच्या उत्तर भागात, नॉर्थ एस्क आणि साउथ एस्क या दोन नद्यांच्या संगमापासून जेथे टेमारची रुंद खाडी सुरू होते, तेथील खोलगट जागी लॉन्सेस्टन नावाचे टुमदार शहर वसलेले आहे. टेकड्यांच्या कुशीतील हे शहर उन्हाळ्यात जितके रमणीय, तितकेच हिवाळ्यात, म्हणजे आपल्याकडे आषाढ-श्रावणाच्या सरी कोसळत असताना, गेल्या शतकाच्या अखेरीस श्वासोच्छ्वासास दुष्कर होऊन बसले होते. या धुराचा मुख्य उगम कोणा कारखान्यात वा मोटारींच्या वर्दळीत नव्हता. तो होता घराघरांतल्या लाकडाच्या शेगड्यांत, आणि शंभरांतील सहासष्ट घरांत अशी शेगडी होती.

ही शेगडी आपल्या चुलीहून अगदी निराळी. जाड पोलादी पत्र्याची किंवा बिडाची पेटी, पुढे काच बसविलेले दार, वर छपराबाहेर गेलेले धुराडे, आणि खाली आत शिरणारी हवा कमीजास्त करण्यासाठी एक लहानशी झडप, एवढाच तिचा संसार. झडप पुरती उघडी असून लाकूड चांगले वाळलेले असेल, तर ज्वाळा लखलखीत निघते आणि धूर बेताचाच होतो. परंतु निजावयास जाण्यापूर्वी घरधनी दोन जाडजूड ओंडके आत सारतो, पहाटे उठल्यावर निखारे जिवंत सापडावेत म्हणून झडप जवळजवळ बंद करतो, आणि मग रात्रभर ते लाकूड जळत नाही, तर नुसते धुमसत राहते. लाकडातून सुटणारे वायू पुरेशा प्राणवायूअभावी न जळताच वर जातात, थंड होता होता डांबरट कणांचे रूप घेतात, आणि हे कण इतके बारीक असतात की नाकाघशातील गाळणी चुकवून ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. नेमक्या याच वेळी, निरभ्र आणि निर्वात रात्री, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. भूगोलाच्या पुस्तकांत जिला तापमानाची विपरीतता म्हणतात ती ही अवस्था, दरीवर पातेल्याचे झाकण ठेवावे तशी धुरास वर उठू देत नाही. तात्पर्य, ज्या रात्री ऊब सर्वांत अधिक हवीशी वाटे, त्याच रात्री धुराला पळावयास वाट नसे.

शेगड्यांवर निर्बंध घालावेत अशी मागणी पुढे आली की ठिकठिकाणी जो विरोध उभा राहतो, तो हसण्यावारी नेण्याजोगा खचितच नाही. स्वतःच्या वा शेजाऱ्याच्या जमिनीतले लाकूड तोडून, फोडून, वर्षभर पडवीत वाळवून घर उबदार ठेवणाऱ्या माणसाला विजेचे बिल ही परस्वाधीनता वाटते, आणि त्यात वावगे काही नाही. शिवाय झाड पुन्हा वाढते, कोळसा वा वायू पुन्हा भूगर्भात जात नाही, हा त्याचा युक्तिवाद निदान कागदावर तरी सबळ आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे एवढेच की, शेगडीची ऊब ज्याची त्याला मिळते आणि धूर मात्र भिंत ओलांडून दमेकरी शेजाऱ्याच्या खोलीत शिरतो, त्याला कोणी परवानगी विचारलेली नसते. या तंट्याचा निवाडा तत्त्वाने होण्यासारखा नाही, आणि पोलिसी बंदोबस्तानेही नाही. कारण मध्यरात्री कोणते धुराडे किती धुमसत होते याची रुजवात घालणारा निरीक्षक कोठून आणावयाचा?

लॉन्सेस्टनमध्ये म्हणून बंदीऐवजी खजिन्याचा मार्ग पत्करण्यात आला. २००१ साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने वीस लाखांहून थोड्या अधिक डॉलरांची तरतूद केली, शेगडी काढून विजेची सोय करून घेणाऱ्यास रोख साहाय्य दिले, जोडीला लाकूड कसे वाळवावे, झडप केव्हा उघडी ठेवावी याचा प्रचार चालविला; आणि सहासष्टावर असलेले शेगडीवाल्या घरांचे प्रमाण काही वर्षांत तीस टक्क्यांवर उतरले. हिवाळी हवेतील धूलिकणांची दैनिक सरासरी १९९४ ते २००० या काळात घनमीटरमागे ४४ मायक्रोग्रॅम होती, ती २००१ ते २००७ या काळात २७ वर आली. २०१३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच दोन कालखंडांतील मृत्यूंची तुलना आहे: पुरुषांचे एकूण मृत्यू सुमारे ११ टक्क्यांनी, आणि त्यांतील हृदयरक्तवाहिन्यांच्या विकारांचे सुमारे १८ टक्क्यांनी घटले. स्त्री-पुरुष मिळून एकूण मृत्यूंतील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरण्याइतकी मोठी नव्हती, हे त्याच अभ्यासात नमूद आहे, आणि शेगडीविरोधी मंडळी पहिला आकडा सांगून दुसरा गिळतात, ही त्यांची खोड प्रामाणिकपणास शोभणारी नव्हे. टास्मानियाची बहुतांश वीज धरणांच्या पाण्यावर तयार होते, ही या शहराची आणखी एक सुदैवाची बाब. अन्यथा घरचा धूर वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघाला असता, इतकेच.

खजिन्यातून पैसा धाडण्याची ही युक्ती नवी नव्हे. १९५२ च्या डिसेंबरात ५ ते ९ तारखांच्या दरम्यान लंडनवर जे कोळशाचे धुके बसले, त्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा तत्कालीन अंदाज होता (पुढील संशोधकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला). तरीही सरकार चालढकलच करीत होते. अखेर जेराल्ड नॅबारो या सत्ताधारी पक्षाच्याच सभासदाने खाजगी विधेयक मांडून त्यास कोपऱ्यात गाठले, तेव्हा १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्या कायद्यातील कळीचे कलम माझ्या मते धूरनियंत्रित क्षेत्रांचे नसून, शेगडी बदलण्याच्या खर्चापैकी सात-दशांश रक्कम घरमालकास परत देण्याचे होते.

न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात या वादास एक अनपेक्षित कलाटणी मिळाली. तेथे उघड्या शेकोट्या बंद करून कमी धुराच्या शेगड्या बसविण्याचे काम चालू असतानाच सप्टेंबर २०१० आणि फेब्रुवारी २०११ चे भूकंप झाले, विटांची असंख्य धुराडी कोसळली, वीज गेली, आणि त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये शहरावर दाट बर्फ पडले. तारांवर अवलंबून नसलेली ऊब घरात असावी, या म्हणण्याला तेव्हापासून जे वजन आले, ते कोणत्याही तक्त्याने कमी होणारे नव्हे.

खरा पेच आजच्या इंग्लंडात आहे. तेथे लाकडाची शेगडी आता गरिबाची निकड उरलेली नसून, बहुतेक ठिकाणी मूळची दुसरी सोय असलेल्या घरातली ती शोभा झाली आहे; घरात जळण जाळणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक वरच्या आर्थिक थरातले असल्याचे सरकारी पाहणीत आढळले. अशा गृहस्थास अनुदान देणे हास्यास्पद, आणि मनाई करणे राजकारण्यांस अवघड. यास्तव सरकारने २०२१ पासून ओल्या लाकडाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध आणून आणि नव्या शेगड्यांचे निकष कडक करून मधला मार्ग काढला. त्यातच देशातील सूक्ष्म धूलिकणांपैकी ३८ टक्के घरगुती लाकडाचे, असा जो सरकारी आकडा वर्षानुवर्षे उद्धृत होत होता, तो २०२२ मध्ये नव्या पाहणीअंती १७ वर आणण्यात आला, तेव्हा शेगडी बनविणाऱ्यांनी विजयोत्सव केला. सतरा टक्के म्हणजेही रस्त्यावरील वाहनांच्या वाट्याहून अधिकच, याचा उच्चार त्या उत्सवात सहसा झाला नाही.

मुंबईकरांना हे सारे परमुलखाचे वाटण्याचे कारण नाही. धुराच्या उपद्रवाविरुद्ध मुंबई इलाख्यात १९१२ सालीच कायदा झाला होता. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांच्या मुदतीत दुसऱ्या इंधनाकडे वळण्यास फर्माविले. या भट्ट्यांत चांगल्या प्रतीचे सरपण जळते असेही नाही. जुन्या फर्निचरचे, प्लायवूडचे, रंग लावलेल्या दारांचे भंगार स्वस्त पडते म्हणून तेच आत जाते, आणि त्याचा धूर साध्या लाकडाहून अधिक विषारी. पण जाड विटांची भट्टी एकदा तापली की तासन्‌तास लाद्यांमागून लाद्या भाजून काढते, ती मोडून विजेचा ओव्हन बसविण्यास भांडवल लागते, वायूच्या नळासाठी अर्ज करून थांबावे लागते. बेकरीवाल्यांनी मुदतवाढ मागितली, ती काही केवळ हट्टापायी नव्हे. येथे साहेबाच्या दिवाणखान्यातली शोभेची आग विझवावयाची नसून सकाळच्या पावाची भट्टी बदलावयाची आहे, म्हणजे आपले प्रकरण आजच्या लंडनपेक्षा १९५६ च्या लंडनशी अधिक जुळते. आणि सात-दशांशांच्या त्या कलमासारखे काही आपल्याकडे ठरले नाही, तर नव्या ओव्हनचा हप्ता लादीच्या भावात चढणार आणि तो वडापाव खाऊन दिवस काढणाऱ्याच्या खिशातून वसूल होणार.