सूतिकागृहाच्या दारीं घरवैद्य

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत वैद्यकाचीं बाडें पुष्कळ सांपडतात. संग्राहक त्यांतील निघंटु व रसग्रंथ वेगळे काढतो, आणि बाळंतिणीचे काढे, लेप व धुरी यांचीं सुटीं पानें किरकोळ म्हणून बाजूस सारतो. शिक्षकीच्या काळांत आम्हींही असेंच केलें. एका परिचित घरचें तेलकट डागांचें बाड आम्हीं न उतरतां परत दिलें. पुढें मागावयास गेलों, तों तें रद्दींत गेलें होतें. तीच चूक इतरांकडून न व्हावी, एतदर्थ हा लेख.

प्रसूति हें सर्वस्वीं सुइणीचें काम, घरवैद्याचा त्याशीं संबंध नाहीं, असा एक समज रूढ आहे. तो कितपत खरा, हें पाहण्यास मूळ संहितांकडे वळलें पाहिजे. सुश्रुताच्या शारीरस्थानाचा १० वा अध्याय व चरकाच्या शारीरस्थानाचा ८ वा अध्याय हीं यांचीं मुख्य स्थानें होत.

सुश्रुतानें सूतिकागार ८ हात लांब व ४ हात रुंद सांगितलें असून त्याचें दार पूर्वेस किंवा दक्षिणेस असावें असें म्हटलें आहे. प्रसवकाळीं जवळ ४ स्त्रिया असाव्या; त्या प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मांत कुशल व नखें कापलेल्या असाव्या. नखांचा हा उल्लेख लहान दिसतो, पण तो प्रत्यक्ष काम पाहिलेल्याचा आहे. चरकही अनेक वेळां प्रसवलेल्या व प्रेमळ स्त्रियाच जवळ ठेवावयास सांगतो. वेणा आल्यावांचून कुंथूं नये, तसें केल्यास श्रम फुकट जाऊन अपत्यास अपाय होतो, हा उपदेश त्यानें त्या स्त्रियांच्याच मुखीं घातला आहे. ग्रंथकारानें सुइणींचा अनुभव ऐकून ग्रंथीं नोंदविला, असेंच यावरून आम्हांस वाटतें.

वैद्याचें मत मात्र निराळें दिसतें तें वादाच्या ठिकाणीं. वेणा लागूनही प्रसूति न झाल्यास गर्भिणीनें मुसळ घेऊन धान्य कांडावें, असें कित्येक म्हणत. चरकसंहितेंत आत्रेयानें हें स्पष्ट नाकारलें आहे. कारण गर्भिणीस दारुण श्रम सदैव वर्ज्य होत. रूढीस हरकत घेणारा वैद्य येथें दाराशीं उभा आहे.

दार ओलांडण्याचा प्रसंग मूढगर्भाचा. मूल आडवें आलें असतां त्या स्थितीस सुश्रुत परिघ, म्हणजे अडसर, असें नांव देतो. चिकित्सास्थानाच्या १५ व्या अध्यायांत त्यानें तीन निर्बंध घातले आहेत. अधिपतीस विचारून मगच हात घालावा; गर्भ सजीव असेल तर शस्त्र कदापि चालवूं नये; आणि छेदन करणें प्राप्तच झालें तर मंडलाग्र वापरावें, वृद्धिपत्र नव्हे, कारण त्याचें टोंक तीक्ष्ण असून त्यानें स्त्रीस इजा होईल. अधिपति म्हणजे राजा कीं गृहस्वामी, दोन्ही अर्थ संभवतात. कसाही घेतला तरी जबाबदारी वैद्याच्या शिरीं येतेच.

अर्थात् ग्रंथांत ज्ञान होतें; पण शेकडों घरांत तें उंबरठ्याबाहेरच राहिलें. हें अंतर जिनें स्वतः सोसलें ती म्हणजे सौ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७). त्यांचें पहिलें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें. हिंदु स्त्रीवैद्यांची गरज त्यांनीं इ. स. १८८३ त श्रीरामपूर येथें जाहीर सभेंत मांडली, आणि इ. स. १८८६ त पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयाची एम्. डी. पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. जुनी पोथी व नवी विद्या यांची सांगड अशी एका स्त्रीनें घातली.

संहिता छापून सुरक्षित झाल्या आहेत. घराघरांत त्यांतलें किती पोंचलें, हें मात्र बाडेंच सांगतील. म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच: बाळंतिणीचीं पानें बाडांतून सुटीं करूं नयेत, अक्षराचा हात बदलला असल्यास टिपावें, औषधाचें प्रमाण, सुइणीचा उल्लेख व समासांतील शेरे जसेच्या तसे उतरावे, आणि तेलाचे डाग पुसूं नयेत. तें पान कोणाच्या तरी उशाशीं उघडलें गेलें होतें, याची तेवढीच साक्ष उरली असते.