महाराष्ट्रातील इराणी वास्तुपरंपरा

इराणमधील रचनातत्त्वे, अलंकरण व प्रतीके यांचा ठसा असलेल्या महाराष्ट्रातील आणि लगतच्या प्रदेशातील वास्तूंची परंपरा. ती एकसंध नाही. दख्खनच्या सुलतानांच्या आश्रयास आलेले इराणी सरदार व विद्वान, पारशी समाज आणि एकोणिसाव्या शतकातील इराणी व्यापारी अशा तीन वाटांनी ती येथे आली. प्रत्येक वाटेने इराणच्या इतिहासातील वेगळा कालखंड आदर्श मानला. त्यामुळे ‘इराणी शैली’ या एकाच नावाखाली परस्परांपासून अगदी भिन्न दिसणाऱ्या इमारती मोडतात.

मूळ वैशिष्ट्ये : इराणच्या कोरड्या पठारी प्रदेशात इमारती लाकूड दुर्मिळ असल्याने वीट हे बांधकामाचे मुख्य साधन ठरले. चौरस दालनाच्या कोपऱ्यांत लहान कमानी योजून त्यांवर घुमट पेलण्याची पद्धती सासानी काळात (२२४–६५१) रूढ झाली. तीन बाजूंनी बंद व दर्शनी बाजूस भव्य कमानीने उघड्या असलेल्या दालनास ‘ऐवान’ म्हणतात. चौकाच्या चारही बाजूंस एकेक ऐवान असणे, हे इस्फाहानच्या जामी मशिदीसारख्या वास्तूंचे प्रमुख लक्षण होय. साध्या विटांवर झिलईदार रंगीत फरशा बसविण्याच्या कामास ‘काशीकाम’ अशी संज्ञा आहे. निरनिराळ्या रंगांच्या फरशांचे तुकडे कापून ते जुळविणे आणि एकाच फरशीवर अनेक रंग भरून ती भाजणे, असे त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. गडद निळा रंग कोबाल्टपासून, तर फिरोजी रंग तांब्यापासून मिळतो. पाटांनी चार भागांत विभागलेली ‘चारबाग’ हीदेखील या परंपरेचीच देणगी आहे.

दख्खनी वास्तू : बहमनी सुलतानांच्या पदरी इराणमधून आलेल्या मुत्सद्द्यांचे वजन मोठे होते. दौलताबादच्या किल्ल्यातील चाँद मिनार (सु. १४४५) एकेकाळी झिलईदार फरशांनी मढविलेला होता. त्याच किल्ल्यातील चिनी महालावर अशा फरशांचे काही अवशेष दिसतात. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन यास १६८७ नंतर याच महालात कैदेत ठेवण्यात आले होते. सीमेपलीकडे बीदर येथे, गिलान प्रांतातून आलेल्या महमूद गावान या वजिराने बांधलेला मदरसा (१४७२) हे या शाखेचे सर्वांत पूर्ण उदाहरण होय. तीन मजली इमारत, चौक, चारही बाजूंचे ऐवान व काशीकाम ही सर्व लक्षणे तेथे एकत्र आढळतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने त्याचा मोठा भाग कोसळला, तरी उरलेल्या मिनारावरील फरशांवरून मूळ वैभवाची कल्पना येते.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील फराह बाग (१५८३) हा निजामशाहीतील अष्टकोनी महाल एका विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभारला होता. येथे फरशांपेक्षा आराखडा, उंच कमानी व पाण्याची योजना यांतून इराणी वळण जाणवते. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा या वास्तूतील चारबागेची योजना मोगलांमार्फत आली. जिच्या स्मरणार्थ ती बांधली, ती औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम इराणच्या सफावी घराण्याच्या वंशातील होती.

अग्याऱ्या : इराणमधील प्राचीन अग्निमंदिर हे बहुधा चार कमानींवर घुमट असलेली साधी वास्तू असे. मुंबईतील अनेक अग्याऱ्यांचे दर्शनी भाग मात्र त्याहून पुष्कळ जुन्या, हखामनी काळातील पर्सेपोलिसच्या राजप्रासादांवरून घेतले आहेत. एकोणिसाव्या शतकात तेथील अवशेषांची चित्रे व वर्णने प्रसिद्ध झाली आणि पारशी समाजास आपल्या प्राचीन वैभवाचे रूप त्यांत गवसले. दादाभाई नौरोजी मार्गावरील वाच्छा अग्यारीच्या (१८८१) प्रवेशद्वारी मानवमुखी, पंखधारी वृषभ आहेत. हे प्रतीक मूळचे ॲसिरियन असून झर्कसीझने ते पर्सेपोलिसच्या महाद्वारासाठी स्वीकारले. येथे आलेले प्रतीक म्हणजे अखंड चालत आलेला वारसा नसून जाणीवपूर्वक केलेले पुनरुज्जीवन आहे. अग्याऱ्यांत पारशीतरांना प्रवेश नसल्याने प्रवाशास त्यांचे बाह्यरूपच पाहता येते.

मोगल मशीद : मुंबईच्या डोंगरी भागातील ही मशीद हाजी मुहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने १८६० मध्ये बांधली. नाव ‘मोगल’ असले, तरी तिचा मोगल राजवटीशी संबंध नाही; इराणमधून आलेल्यांना मुंबईत ‘मोगल’ म्हणत. मशिदीवर घुमट नाही. दोन मिनार, निळ्या फरशांनी सजलेला दर्शनी भाग व अंगणातील हौद यांमुळे ती तत्कालीन काजार कालखंडातील इराणी मशिदींशी नाते सांगते. कल्याणपलीकडील आंबिवली येथेही इराणी वंशाच्या लोकांची वस्ती आहे. तेथून मध्य रेल्वेच्या लोहमार्गाने सँडहर्स्ट रोड स्थानकास उतरून डोंगरीस जाता येते. नमाजाच्या वेळा टाळून व परवानगी घेऊन मशीद पाहणे इष्ट.

जतन : काशीकाम चुन्याच्या गिलाव्यावर टिकून असते. दख्खनमध्ये दरवर्षी कोसळणारा पाऊस गिलाव्यात मुरला की फरशा सुटतात, आणि एक सुटली की शेजारच्या फरशांचा आधार जातो. चाँद मिनाराचा मूळ रंग आता केवळ कल्पनेने उभा करावा लागतो. म्हणून आज जागेवर टिकून असलेली प्रत्येक जुनी फरशी हा या परंपरेचा मोलाचा पुरावा ठरतो. ती काढून तेथे नवी बसविण्यापेक्षा मागील गिलावा दुरुस्त करून तीच राखणे, हे अधिक महत्त्वाचे होय.