गॅरेजमधला फ्रीज हिवाळ्यात का रुसला?

वाचण्यापूर्वी: तुमच्या घरातल्या फ्रीजचा फ्रीजर वर आहे, खाली आहे की बाजूला? एकदा उठून बघून या. मग पाठ वाचायला सुरुवात करा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडे दोन फ्रीज आहेत. एक स्वयंपाकघरात आणि दुसरा, जुना, गॅरेजमध्ये. त्या जुन्या फ्रीजरमध्ये आमचा सगळा साठा असतो: खवलेला नारळ, पुरण, कोलंबी, पापलेट.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. दुसऱ्या दिवशी घरी हळदीकुंकू होतं. नाशिकहून आलेल्या माझ्या सासूबाई पुरण काढायला गॅरेजमध्ये गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, “अगं, इकडे ये बघू! बाहेर बर्फ पडतोय आणि फ्रीजरमधला बर्फ वितळतोय!”

मुलंही धावत आली. “आजी, एवढ्या थंडीत फ्रीज बिघडतो कसा?”

खरं म्हणजे फ्रीज बिघडला नव्हताच. मग झालं काय होतं? ते समजायला आधी फ्रीज कसा चालतो ते बघू या.

फ्रीज म्हणजे विजेवर चालणारा माठ

सासूबाईंच्या नाशिकच्या घरी उन्हाळ्यात माठ असतो. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. म्हणून आतलं पाणी गार होतं.

फ्रीजही हेच करतो, फक्त बंद नळ्यांमध्ये. या नळ्यांत अगदी कमी तापमानाला उकळणारा एक पदार्थ असतो. फ्रीजरजवळच्या नळ्यांत त्याची वाफ होते आणि तो आतली उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. दाबल्यामुळे ती आणखी गरम होते. बाहेरच्या नळ्यांमध्ये, म्हणजे कॉइलमध्ये, ती आपली उष्णता खोलीत सोडते आणि पुन्हा तिचा द्रव होतो. फ्रीजच्या खालून किंवा मागून गरम हवा येते ती याचमुळे.

म्हणजे फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या बहुतेक फ्रीजमध्ये थंड नळ्या फक्त फ्रीजरकडे असतात. तिथली गार हवा एक छोटा पंखा दूध-भाजीच्या कप्प्यात ढकलतो. या हवेची वाट अडली, की कप्पा गार होत नाही.

गॅरेजचं कोडं

अनेक साध्या फ्रीजमध्ये थर्मोस्टॅट एकच असतो आणि तो दूध-भाजीच्या कप्प्यात असतो. तो कप्पा गरम झाला, की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर सुरू करतो. पण आमच्या गॅरेजमध्येच तेव्हा ३५ ते ४० अंश फॅरनहाइट तापमान होतं. कप्पा आपोआप गार राहिला. थर्मोस्टॅटला वाटलं, काम झालं! कॉम्प्रेसर सुरूच झाला नाही. फ्रीजरला मात्र ० अंश हवे असतात. तो बिचारा हळूहळू गॅरेजइतकाच झाला आणि सगळं वितळलं.

साधे फ्रीज साधारण ५५ ते ११० अंश फॅरनहाइटच्या खोलीसाठी बनवलेले असतात. थंड प्रदेशात गॅरेजमध्ये फ्रीज ठेवायचा असेल, तर गॅरेजसाठी बनवलेलं मॉडेल घ्यावं. आम्ही आमचा फ्रीज तळघरात हलवला. तेव्हापासून त्याची काही तक्रार नाही.

कोणता फ्रीज घ्यावा?

दुकानात सगळेच फ्रीज छान दिसतात. पण आधी आपल्या स्वयंपाकघरातली सगळ्यात मोठी परात आणि पातेलं मोजा. मग दुकानात जा.

फ्रीजर वर: रचना साधी आणि किंमत बहुधा कमी. वीजही तुलनेने कमी लागते. पण भाजी काढायला रोज वाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना हे त्रासाचं होतं.

फ्रीजर खाली: दूध, भाजी, उरलेली आमटी डोळ्यांसमोर राहते. फ्रीजर मात्र खोल ड्रॉवरसारखा असतो. तळाशी गेलेलं पाकीट महिनोन्महिने सापडत नाही. पाकिटावर तारीख लिहायची सवय लावा.

दोन उभे भाग: एका बाजूला फ्रीजर, दुसऱ्या बाजूला फ्रीज. फ्रीजर मोठा मिळतो आणि दारं अरुंद असल्यामुळे उघडायला जागा कमी लागते. पण कप्पेही अरुंद असतात. परात, मोठा केक किंवा पिझ्झाचा खोका आत जात नाही.

वर दोन दारं, खाली फ्रीजर: याला फ्रेंच डोअर म्हणतात. वरचा कप्पा पूर्ण रुंदीचा, त्यामुळे इडलीच्या पिठाचं मोठं पातेलं सहज मावतं. किंमत मात्र जास्त. दारातून पाणी आणि बर्फ देणारं मॉडेल घेतलं, तर बिघडण्यासारखे भागही वाढतात.

नीट गार होत नसेल तर?

मेकॅनिकला बोलावण्याआधी पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा.

१. तापमान मोजा. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. सकाळी ४० अंश फॅरनहाइट (४ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून कमी असायला हवं. फ्रीजरमध्ये ० अंश फॅरनहाइट (उणे १८ अंश सेल्सिअस) हवं.

२. दाराचं रबर बघा. दारात एक नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार बंद करा. नोट सहज ओढली गेली, तर तिथून हवा जाते. आधी रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. बऱ्याचदा चिकटलेली घाणच दार नीट लागू देत नाही.

३. हवेची वाट मोकळी करा. आतल्या भिंतीवर जिथून गार हवा येते, तिथे डबे चिकटवून ठेवू नका. दोन वस्तूंमध्ये थोडी जागा सोडा.

४. कॉइलवरची धूळ काढा. आधी प्लग काढा, मग ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ करा. धुळीची गोधडी पांघरलेली कॉइल उष्णता बाहेर टाकणार कशी? घरात कुत्रा-मांजर असेल, तर हे जास्त वेळा करावं लागतं.

५. फ्रीजर गार, पण खालचा कप्पा गरम? मग फ्रीजरच्या मागच्या बाजूला आत बर्फ साचला असेल, किंवा पंखा बंद असेल. अन्न दुसरीकडे हलवा, प्लग काढा आणि दारं एक दिवस उघडी ठेवा. त्यानंतर फ्रीज काही दिवस चालला आणि पुन्हा तसंच झालं, तर बर्फ वितळवणारी यंत्रणा बिघडली आहे. आता मेकॅनिकला बोलवा. सुरीने बर्फ कधीही खरवडू नका. नळीला भोक पडलं, तर फ्रीजच निकामी होऊ शकतो.

६. कॉम्प्रेसर दर थोड्या मिनिटांनी नुसता ‘टक्’ करतो आणि सुरू होत नाही? हेही मेकॅनिकचंच काम.

कधी उलटंही होतं. मागच्या बाजूला ठेवलेलं दूध गोठतं. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, म्हणून आम्ही याकडे नीट लक्ष देतो. न उघडलेलं इन्सुलिन ३६ ते ४६ अंश फॅरनहाइटमध्ये ठेवायचं असतं. एकदा गोठलं, तर ते वितळल्यावरही वापरायचं नाही. त्यामुळे ते गार हवा येते त्या जागेपासून लांब ठेवावं.

ठेवायचं की टाकायचं?

त्या दिवशी आमच्यापुढे हाच प्रश्न होता. सासूबाई म्हणाल्या, “वास तर चांगला येतोय गं. एवढी महागाची मासळी!” पण अन्न बिघडलंय की नाही, हे नुसत्या वासावरून कळत नाही. कच्ची मासळी चालू फ्रीजमध्येही एक-दोन दिवसच ठेवावी. आमची कोलंबी कधी वितळली, हे सांगायला कोणीच नव्हतं. म्हणून मासळी आणि पुरण टाकावं लागलं. नारळाच्या पाकिटांत अजून बर्फाचे खडे होते. ती आम्ही पुन्हा गोठवली.

वादळात वीज गेली, तर दार उघडून सारखं बघू नका. बंद फ्रीज सुमारे ४ तास अन्न सुरक्षित ठेवतो. पूर्ण भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास.

सासूबाईंनी त्याच रात्री नवीन पुरण शिजवलं. झोपायला जाताना हसून म्हणाल्या, “आमच्या माठाला थर्मोस्टॅट नव्हता, ते एक बरं होतं!”

नवे शब्द

झिरपणे: बारीक छिद्रांतून हळूहळू बाहेर येणे
शोषून घेणे: आत ओढून घेणे
रुसणे: रागावून गप्प बसणे, इथे, काम न करणे
निकामी: काही उपयोग नसलेला

विचार करा आणि सांगा

१. माठ आणि फ्रीज यांच्यात सारखं काय आहे?
२. गॅरेजमधल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर का सुरू झाला नाही?
३. मासळी टाकली, पण नारळ का ठेवला?
४. तुमच्या घरासाठी कोणता फ्रीज योग्य ठरेल? घरातल्या मोठ्यांशी बोलून पाच वाक्यं लिहा.