गहाण वास्तूचीं दारें व यंत्रें

नांदेडच्या जुन्या पेठेंतील सागवानी वाडा आणि लातूरची डाळगिरणी यांत साम्य तें काय, असें वाचक विचारतील. दोन्ही तारण म्हणून पुढें येतात, हें साम्य. आणि दोहोंची किंमत बव्हंशीं जमिनीस जोडलेल्या वस्तूंत असते. कोरीव दारें विकलीं म्हणजे वाड्याची माती उरते, यंत्रें हलविलीं म्हणजे गिरणीचे पत्रे उरतात. निवृत्तीची पुंजी आप्तेष्टांच्या उद्योगांत घालणाऱ्या गृहस्थानें हें आधीं पाहिलें पाहिजे.

वाड्याचें काम सोपें आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याचें आठवें कलम घराबरोबर त्याचीं दारें, खिडक्या, कुलुपें व किल्ल्याही देतें. करारांत निराळा हेतु मात्र नसावा. गहाणानंतर घातलेली भर ७० व्या कलमानें तारणांतच मिळते. ६६ वें कलम तर फार उपयोगाचें. इमारतीची किंमत येणें रकमेहून निम्म्यानें अधिक नसेल, तर तारण अपुरें समजतात. दोन लाखांच्या येण्यास तीन लाखांची वास्तु हवी. ती मर्यादा मोडेल अशी मोडतोड ऋणकोस करतां येत नाहीं. मग दारें त्याच्या आजोबांनीं कां घडविलेलीं असेनात!

यंत्राचें तसें नाहीं. १८७२ सालीं इंग्लंडांत एका गिरणीचे माग केवळ खिळ्यांनीं ठोकलेले असूनही धनकोच्या तारणांत धरले गेले. (उस्मानशाही गिरणीच्या नांदेडास माग म्हणजे काय हें सांगणें नकोच.) जोडणी किती घट्ट व कशासाठीं, ही न्यायमूर्ति ब्लॅकबर्न यांची कसोटी. दगड रचून केलेलें कुंपण जमिनीचा भाग. तेच दगड विक्रीच्या आवारांत रचले तर जंगम. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९९ सालीं मुद्रांकशुल्काच्या वादांत खतकारखान्याचीं यंत्रें स्थावर मानलीं, तर २०१० सालीं अबकारी कराच्या वादांत, हलूं नये एवढ्यासाठींच पायास नटबोल्टांनीं बसविलेलें डांबरमिश्रणाचें यंत्र जंगम ठरविलें.

डाळगिरणीचें यंत्रही बहुधा नटबोल्टांवरच उभें असतें. म्हणून शहाण्या धनकोनें दोन्ही दोर बांधावे. जागेचें गहाणखत दोन साक्षींनिशीं नोंदवावें, कारण साधें गहाण, रक्कम कितीही असो, नोंदणीवांचून टिकत नाहीं. आणि यंत्रांचें नजरगहाण, प्रत्येकाचा क्रमांक व बनावट लिहून, वेगळें करून घ्यावें. ऋणको कंपनी असेल तर तीस दिवसांत बोजा निबंधकाकडे नोंदवावा. एकत्र कुटुंबाची मिळकत असल्यास सर्व सज्ञान भाऊबंदांच्या सह्या घ्याव्या, हें आम्हीं सांगावयास नको.

एक गोष्ट मात्र सर्रास नजरेआड होते. गिरणीची जागा एकाची व यंत्र भाडेकऱ्याचें, असें पुष्कळदां असतें. विरुद्ध करार नसल्यास, ताबा असेतोंवर भाडेकरी आपण बसविलेली वस्तु उचलून नेऊं शकतो. जागा पूर्ववत् ठेविली म्हणजे झालें. तेव्हां जागामालकास कर्ज देतांना यंत्राचें बिल कोणाच्या नांवावर आहे, तें मागून पाहावें.